गेर्ट फ्रोबे यांचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत

जर्मन अभिनेते गेर्ट फ्रोबे बहुतेकांना १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’ या जेम्स बाँडपटातील खलनायक म्हणून ठाऊक असतात, पण त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास तिथून सुरू करू नये. प्रथम १९४८ चा ‘बर्लिनर बालाडं’ पाहावा; त्यात युद्धाहून परतलेल्या सामान्य माणसाच्या भूमिकेत ते इतके हडकुळे दिसतात की, पुढचा धिप्पाड नट तो हाच, यावर विश्वास बसत नाही. मग १९५८ च्या ‘एस गेशाह आम हेलिख्टन टाग’कडे वळावे आणि लहान मुलींचा खुनी असलेला श्रॉट घरी पत्नीसमोर कसा दबून वागतो, हे बारकाईने न्याहाळावे, माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम हेच. ‘गोल्डफिंगर’ मात्र शक्यतो जर्मन आवृत्तीत पाहावा, कारण इंग्रजीत त्यांच्या भूमिकेला आवाज मायकेल कॉलिन्स या दुसऱ्या नटाचा आहे, तर जर्मनमध्ये खुद्द फ्रोबे यांचा.