मांडव्याला गाळा घेताय? या चुका टाळा

शनिवारी सकाळी मांडवा जेटीवर उतरणारी गर्दी पाहिली की तिथल्या गाळ्याची सांगितलेली किंमत रास्त वाटू लागते. पण ही गर्दी पुढे कुठे जाते तेही पाहा. गेटवेहून येणाऱ्या बोटीच्या तिकिटातच अलिबागपर्यंतची बस धरलेली असते, त्यामुळे माणूस धक्क्यावरून थेट बसमध्ये चढतो. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, सुरू आहे. तिच्यातले बरेच प्रवासी स्वतःच्या गाडीतूनच बाहेर पडतात. माझ्या मते अलिबागकडच्या चोंढी, किहीम या गावांच्या बाजूचा रस्त्यालगतचा गाळा जास्त भरवशाचा. बंगलेवाले आणि गावकरी किराणा, औषधं, हार्डवेअर तिथेच घेतात, आणि ते पावसाळ्यातही घेतात.

पावसाळा हिशेबात न धरणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मे अखेरीपासून साधारण ऑगस्ट संपेपर्यंत गेटवेच्या बोटी बंद असतात आणि रो-रो समुद्र पाहून सुटते. समजा, गाळा ४० लाखांचा आहे. मुद्रांक, नोंदणी, किरकोळ काम धरून ४४ लाख गेले. भाडं महिना २५ हजार. दलाल वर्षाचे ३ लाख सांगेल. दोन महिने भाडं बुडालं किंवा सोडावं लागलं तर अडीच लाख उरतात. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती, विमा यांचे ३० हजार गेले की हातात २ लाख २० हजार, म्हणजे ५ टक्के. आता २४ लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी १० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ३२ हजार ४०० येतो. भर हंगामातसुद्धा दरमहा सात हजारांहून जास्त खिशातून घालायचे. गृहकर्जाचा दर आणि वीस वर्षांची मुदत डोक्यात ठेवून दुकानाचा हिशेब मांडू नका; व्यापारी जागेला बँक सहसा व्याज जास्त लावते आणि मुदत कमी देते.

भाडेकरू जुलैत हात वर करत असेल तर दरवर्षी भांडण्यापेक्षा करारातच पावसाळ्याचं भाडं कमी आणि हंगामाचं जास्त ठेवा. आणि लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं.

कागदांत फसगत होते ती ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावरून. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. बँकेने कर्जाची फाइल परत केली असेल तर आधी सातबारा आणि फेरफार काढा. ‘इतर हक्क’ रकान्यात कूळ किंवा बोजा आहे का, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, बिनशेती परवानगी वाणिज्य वापराची आहे की फक्त रहिवासाची, हे वकिलाकडून लेखी घ्या. त्याआधी बयाणा देऊ नका. किनाऱ्यालगतच्या ग्रामीण पट्ट्यात सीआरझेडची (किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांची) भरतीरेषेपासूनची बांधकामबंदी बहुतेक ठिकाणी २०० मीटरपर्यंत येते. बांधकाम जुनं आहे म्हणून ते अधिकृत आहे असं कुणी सांगितलं तर परवानगीचा कागद मागा.

‘पूल झाला की भाव दुप्पट’ या बोलण्यावर कर्ज काढू नका. मुंबईहून उरणच्या बाजूला जाणाऱ्या अटल सेतूचं १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालं आणि उरण व अलिबाग जोडणाऱ्या रेवस-करंजा पुलाचं काम हाती घेतलं आहे. तो पूल झाला की मुंबईकर उरणमार्गे रस्त्याने येऊ शकतील. त्यात चोंढीचा फायदा होईल, पण जेटीवरच्या गाळ्याचं गिऱ्हाईक कदाचित तिथे उतरणारच नाही.

विम्यात वादळ आणि पुराचं संरक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे का ते वाचून घ्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात याच किनाऱ्यावरचे पत्रे उडाले होते. इमारतीच्या विम्यात भाडेकरूचा माल आपोआप येत नाही. त्याचा विमा त्याने वेगळा काढायचा, ही अट करारात घाला.