'शेवट आधीच कळला' म्हणतात? कथा लिहिताना या चुका टाळा

"शेवट आधीच कळला होता," असं वाचक म्हणाला की आपण हात घालतो तो शेवटालाच. मग भला माणूस अचानक खुनी निघतो, नाहीतर सगळं स्वप्न ठरतं. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. धक्का बसतो, पण आधीची शंभर पानं खोटी पडतात.

जुन्या ग्रीक शोकांतिकेतल्या ईडिपस राजाचं पुढे काय होणार हे ग्रीक प्रेक्षकांना नाटकाआधीच ठाऊक असायचं, तरी ते जीव मुठीत धरून बसत. 2011 मध्ये जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी काही वाचकांना शेवट आधी सांगून लघुकथा वाचायला दिल्या. त्यांना त्या सरासरीने थोड्या जास्तच आवडल्या, अगदी रहस्यकथासुद्धा. पुढच्या काही प्रयोगांत उलटही दिसलं, म्हणून हा नियम समजू नका. पण शेवट कळला की मजा संपली, इतकं ते सरळ नाही एवढं नक्की.

म्हणून तक्रार आली की दोन गोष्टी विचारा. कुठल्या पानावर कळलं? आणि कळल्यावरही पुढे वाचावंसं वाटलं का? दुसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर शेवटाला हात लावू नका.

खरा घोटाळा बहुतेक वेळा पुढच्या घटनेची चाहूल देणाऱ्या खुणेत असतो. दुसऱ्याच पानावर आई खोकते, रुमालाकडे बघते आणि तो पटकन लपवते. झालं, वाचकाला पुढचं सगळं समजलं, कारण त्या खोकल्याला दुसरं काही कामच नाही. तोच खोकला असा आणा: मुलगा फोनवर नोकरीची मुलाखत देतोय, बाजूच्या खोलीत आई खोकते, तो चिडून दार लावून घेतो. आता वाचकाचं लक्ष त्याच्या चिडण्याकडे जातं, खोकला नुसता कानावरून जातो. पुढे आजार उघड होतो तेव्हा ते लावलेलं दार आठवतं आणि आतून पिळवटतं. मला कथेत हेच हवं असतं.

उलटी चूक म्हणजे सगळंच दडवणं. निवेदकाला ठाऊक असलेली गोष्ट तो कारण नसताना सांगत नाही, तेव्हा वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल तर पंधरा सेकंदांचा धक्का, माहीत असेल तर पंधरा मिनिटांची धाकधूक, असं रहस्यपटांचा दिग्दर्शक हिचकॉक म्हणायचा. सांगावं की दडवावं अशी शंका आली तर सांगून टाका.

योगायोगाने पेच सोडवू नका, त्याने फार तर पेच पडू द्या.

आणि नायकापुढे दोन वाटा ठेवून त्यातली एक उघडच वाईट ठेवली, तर तो काय निवडणार हे कुणीही सांगेल. दोन्ही वाटांवर त्याचं काहीतरी हरवू द्या.

खर्डा झाला की शेवट माहीत असलेल्या मित्राला तो पुन्हा वाचायला द्या आणि समोर बसून राहा. तो जिथे पानं भराभर उलटायला लागेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. दुरुस्ती तिथूनच सुरू करायची.