मान्सून कार्यशाळेची कार्यक्रमपत्रिका आखताना या चुका टाळा

कार्यशाळेत वेळ कमी पडला की पहिली कात्री लागते ती चर्चेला. संशोधकांना एका खोलीत आणायचं ते त्यासाठीच, म्हणून पत्रिकेत चर्चा आधी लिहा आणि भाषणं उरलेल्या वेळात बसवा.

हिशेब करून बघा. सकाळी 9.30 ते संध्याकाळी 5.30 हे 8 तास. जेवणाचा एक आणि दोन चहांचा मिळून एक तास वजा केला की 360 मिनिटं हातात राहतात. 15 मिनिटं भाषण, 5 मिनिटं प्रश्न, असे कागदावर 18 वक्ते बसतात. पण लॅपटॉप जोडणं, माईक लावणं यात प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं जातात, म्हणजे दिवसाला पाऊण तास. 12 भाषणांवर थांबा. अदलाबदलीचा अर्धा तास धरूनही चर्चेला दीड तास मिळतो. सगळ्यांच्या फाइली आदल्या संध्याकाळीच एका लॅपटॉपवर घ्या आणि रडारची अ‍ॅनिमेशनं चालवून बघा. अडतात ती हमखास तीच.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे उपकरणांप्रमाणे सत्रं पाडणं: रडारवाले एकीकडे, उपग्रहवाले दुसरीकडे, मॉडेलवाले (संगणकावर हवामानाचं गणित मांडणारे) तिसरीकडे. मग प्रत्येक गट आपल्याच माणसांशी बोलतो. सत्र प्रश्नाभोवती बांधा. उदाहरणार्थ, घाटातला पाऊस मॉडेलमध्ये कमी का येतो? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वाईला हजाराच्या आत. दोन्हींमधलं हवाई अंतर जेमतेम 25 किलोमीटर. मॉडेलच्या 25 किलोमीटरच्या ग्रिडमध्ये, म्हणजे नकाशावर पाडलेल्या तेवढ्या रुंद चौकटींच्या जाळीत, पावसाचा हा सगळा उतार एक-दोन चौकटींत संपतो. इथे पर्जन्यमापकवाला, रडारवाला आणि मॉडेलवाला लागोपाठ बोलले पाहिजेत आणि चर्चा तिथेच, त्याच सत्रात झाली पाहिजे.

तारखा ठरवताना जून ते सप्टेंबर टाळा, कारण पूर्वानुमान करणारी माणसं तेव्हा कामावरून हलू शकत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांचे. फेब्रुवारी बरा. त्यातही पूर्वानुमानवाल्यांना दुपारचं सत्र द्या. 24 तासांच्या पावसाची नोंद सकाळी 8.30 ला होते आणि पुढचे काही तास त्यांची धावपळ असते. परदेशी वक्ता ऑनलाइन असेल तर वेळ यूटीसीमध्येही (जागतिक प्रमाणवेळेत) लिहा. मार्चमध्ये अमेरिकेची घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, युरोपची शेवटच्या रविवारी. भारतीय वेळेवर विसंबलेला वक्ता तासभर चुकतो.

पोस्टरचं थोडक्यात: ए-झिरो कागद 841 बाय 1189 मिलिमीटर असतो. बोर्ड एक मीटर रुंद असेल तर 'उभंच पोस्टर आणा' असं निमंत्रणातच कळवा.

प्रात्यक्षिक सत्रात डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल प्रत्येकाच्या लॅपटॉपवर कंपाइल करायला (मूळ कोडपासून चालू प्रोग्रॅम बनवायला) लावू नका. त्याला लागणाऱ्या नेटसीडीएफ या डेटा-फाइलींच्या लायब्ररीच्या भानगडीत अख्खी सकाळ जाते. एकाच सर्व्हरवर सगळ्यांची खाती उघडा आणि भूभागाचा तीसेक जीबी डेटा आधीच तिथे उतरवून ठेवा. 9 किलोमीटर ग्रिडला टाइम स्टेप (मॉडेल एका पावलात जितका वेळ पुढे सरकतं तो) 54 सेकंदांची, म्हणजे ग्रिडच्या किलोमीटरच्या आकड्याच्या सहापट. सह्याद्रीच्या कड्यांवर सीएफएलची चूक (टाइम स्टेप ग्रिडच्या मानाने मोठी झाल्याची) देऊन रन, म्हणजे मॉडेलची फेरी, मध्येच थांबली तर ती 45 वर आणा. आणि आदल्या आठवड्यात सहभागी असतील तितक्या रन एकाच वेळी लावून बघा. एकटी रन 20 मिनिटांत संपते म्हणून 30 रनही तेवढ्यात संपतील असं नसतं.