आडनाव एकच, घराणी अनेक: कोल्हापुरात ब्रिटिशकाळातल्या पूर्वजांचा माग कसा काढावा

कोल्हापूर जिल्ह्यात पाटील नाहीत असं गाव सापडणं अवघड. मराठ्यांत पाटील आहेत, जैनांत आहेत, लिंगायतांतही आहेत. पाटीलकी वतनाची, त्यामुळे कित्येक घरांचं मूळ आडनाव तिच्यामागे झाकलं गेलं. देसाई, चौगुले, कुलकर्णी, इनामदार यांचंही तेच. म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांमागचा पणजोबा शोधताना नुसतं आडनाव घेऊन दप्तरात शिरू नका. गाव, बापाचं नाव आणि जमीन या तीन गोष्टी पक्क्या धरा.

सुरुवात घरातल्या थोरल्या माणसांपासून करा. कुलदैवत कोणतं, लग्नात देवक कशाचं, हे विचाराच. पण त्याहून नेमका प्रश्न आहे, ‘कुणाच्या मयताचं सुतक आपण दहा दिवस पाळतो?’ सुतक पाळणारी घरं म्हणजे भावकी. शेजारच्या गल्लीतले त्याच आडनावाचे लोक सुतकात नसतील, तर ती बहुतेक दुसरी शाखा किंवा दुसरंच घराणं. आत्यांना आणि लग्न होऊन गेलेल्या बहिणींना विसरू नका. माहेरची नाती त्यांना भावांपेक्षा जास्त पाठ असतात.

मग त्या काळी तुमचं गाव कुणाच्या अमलाखाली होतं ते ठरवा. आजचा जिल्हा आणि तेव्हाचं करवीर संस्थान एक नव्हे. संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. तोवर कागल, इचलकरंजी, बावडा, विशाळगड अशा जहागिऱ्यांचा कारभार वेगळा चाले. आजरा इचलकरंजीकडे होतं. चंदगड तर 1956 पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. गावाची ही ओळख पटली की कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात कोणतं दप्तर मागायचं ते कळतं, नाहीतर दिवस वाया जातो.

खरं काम गावच्या कागदांत आहे. तलाठी आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन दोन गोष्टींच्या नकला मागा: तुमच्या जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, आणि गाव नमुना 14, म्हणजे ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही. आजच्या सातबारावरून फेरफार क्रमांक घ्या आणि एकेक मागे जा. वारसाचा फेरफार सोन्यासारखा. त्यात मयताचं नाव, वारस आणि त्यांचं नातं एका ठिकाणी मिळतं. दत्तक मुलगा किंवा घरजावई असेल तर तोही इथेच उघड होतो. कोतवाल बुकात जातीचा रकाना असतो, त्यामुळे एकाच गावातले दोन पाटील वेगळे काढता येतात.

आता नावाकडे बघा. समजा नोंद आहे, ‘बाळा बिन राणू पाटील’. बिन म्हणजे ‘चा मुलगा’. बाईच्या नावापुढचं कोम म्हणजे ‘ची बायको’. आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवतात, म्हणून राणूचा बाळा, बाळाचा राणू आणि पुन्हा राणूचा बाळा अशी साखळी होते. दोन ‘बाळा बिन राणू’ एकच माणूस समजलात की मधल्या दोन पिढ्या गळाल्या. उपाय एकच: प्रत्येक नावापुढे साल आणि त्याच्या ताब्यातल्या जमिनीचा सर्व्हे नंबर लिहा. दोन्ही नोंदींची सालं एका माणसाच्या आयुष्यात बसत नसतील, तर माणसं दोन आहेत.

सालाचा हिशेबही नीट करा. जुन्या महसुली कागदांत फसली सन असतो, त्यात 590 मिळवा. वर्ष मृगाच्या सुमारास जूनमध्ये सुरू होई, म्हणून जानेवारी ते मेमधल्या नोंदीला 591. फसली 1320 मधली माघातली नोंद 1911 ची ठरते. शकात 78 मिळवा, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांना 79.

जुने कागद मोडी लिपीत आहेत. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, वेलांटीचा ऱ्हस्व-दीर्घ भेदही नाही. शंका असेल तिथे मोडी जाणकाराकडून वाचून घ्या आणि त्याला आधी तुम्हाला हवं असलेलं आडनाव सांगू नका. सांगितलं की तेच दिसायला लागतं. इंग्रजी कागदांचा घोळ वेगळा. तिथे काळे आणि काले, गडे आणि गाडे एकाच स्पेलिंगात बसतात, उलट भोसले तीन-चार तऱ्हांनी लिहिलेले सापडतात. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांचा शोध घेताना आडनावाची सगळी रूपं टाकून बघा. काही नोंदींत बापाचं नाव आणि गाव मिळतं, तेच खरं पकडायचं.

शाळेचं जनरल रजिस्टरही मागा. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा त्यानंतरच्या पिढीची नावं तिथे सापडण्याची शक्यता जास्त.

हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखून दारोदार वाचणारे, दारात आले तर त्यांना बसवा आणि वंशावळ पूर्ण वाचायला लावा. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही गावानुसार घराणी असतात. पण हेळव्यांची बही असो की उपाध्यायांची वही, तिच्यातली नावं फेरफाराशी पडताळल्याशिवाय वंशवृक्षात शाईनं लिहू नका, तोवर पेन्सिल पुरे.