तान्ह्या पोळ्याचा नंदी घरच्या रद्दीतून

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लेकरांचा पोळा, चाकांचा छोटा नंदी बैल ओढत घरोघर फिरायचा. नागपुरात सकाळी मारबत, म्हणजे वाईटाला हाकलायच्या पुतळ्यांची मिरवणूक, बघून आलेले पोट्टे मग आपापला नंदी सजवायला घेतात. बाजारातला लाकडी नंदी सुंदरच असतो, पण लेकराने स्वतः केलेला नंदी ते कसं मिरवतं ते एकदा बघाच. दोन-तीन दिवस आधी सुरू करा, पावसाळी हवेत काहीच लवकर वाळत नाही.

सामान घरातलंच. ज्यूसचा रिकामा डबा धुवून, चपलेच्या खोक्याचा पुठ्ठा, बाटल्यांची चार सारखी झाकणं, जाडसर स्ट्रॉ, खराट्याच्या काड्या, जुने पेपर, अंड्याचा ट्रे, फाटक्या साडीचा काठ.

आधी चाकं, कारण नंदी चालला नाही तर लेकरू हिरमुसतं. पुठ्ठ्याची पाटी कापा, तिच्या खाली पुढे-मागे स्ट्रॉचे दोन तुकडे आडवे टेपने चिकटवा, त्यातून काडी आरपार घाला आणि टोकांना झाकणं बसवा. काडी झाकणात घट्ट हवी पण स्ट्रॉमध्ये सैल, तरच चाक फिरतं. झाकणाला भोक अगदी मधोमध पाडा नाहीतर नंदी लंगडत चालतो, आणि हे काम मोठ्यांचंच, खिळा चिमट्यात धरून गरम करायचा, लेकराला तेवढा वेळ दूर बसवा.

बाकी सगळं त्याच्या हातात द्या. पाटीवर पेपरच्या घट्ट सुरळ्यांचे चार पाय, त्यांच्यावर डबा, ट्रेची एक वाटी कापून तोंड, पेपरला पीळ देऊन शिंगं. डब्याच्या चकचकीत कागदावर वॉटरकलर धरत नाही म्हणून चमचाभर मैदा कपभर पाण्यात शिजवून खळ करा आणि पेपरचे तुकडे सगळीकडे चिकटवू द्या, हात बरबटले तर बरबटू द्या, यातच तर त्याला खरी मजा येते. रात्रभर पंख्याखाली ठेवा, मग रंग. निळा बैल म्हणाला तर निळाच, तुम्ही ब्रश घेऊ नका बाप्पा. तोंडाकडून कलंडत असेल तर डब्यात मागच्या बाजूला एखादा गोटा टाकून टेप लावा.

साडीच्या काठाची झूल घाला, तुटक्या पैंजणाचे घुंगरू गळ्यात बांधा, आणि ओढायची दोरी पाटीला बांधा, मानेला नको, मान उपटून येते. उरलेल्या काठाची छोटी थैली शिवून लेकराच्या खांद्याला अडकवा, घरोघरचा बोजारा, म्हणजे नंदी घेऊन गेल्यावर मिळणारा खाऊ-पैसे, ठेवायला लागेलच.