लग्नाआधी पुढच्या दातांवर उपचार करून घ्यायचे असतील तर

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात लग्नाच्या बोलण्यांना वेग येतो आणि दवाखान्यात पुढचे दात दाखवायला येणाऱ्यांची गर्दीही वाढते. आपल्याला नेमके काय खटकते, कधीपासून खटकते आणि त्यापायी आपण काय टाळतो, हे डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी स्वतःच्या हाताने लिहून काढावे. माझ्यासमोर बसलेली एक मुलगी प्रत्येक उत्तराआधी ओढणीचे टोक ओठांवर धरत होती. आई वाकड्या दाताविषयी बोलत होती, मुलीला मात्र दातांवरच्या तपकिरी डागांची लाज वाटत होती.

डाग कशाचे आहेत हे आधी तपासून घ्यावे. तंबाखू, मशेरी आणि चहाचे वरवरचे डाग साध्या सफाईने बरेचसे निघतात. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रतिलिटरपेक्षा जास्त असेल, तर बालपणी दात घडत असतानाच डाग दाताच्या वरच्या कठीण आवरणात (इनॅमलमध्ये) उतरतात आणि ते कितीही घासले तरी जात नाहीत. अशा वेळी ब्लीचिंग (औषधाने दात उजळवणे) किंवा आवरणाचा अगदी पातळ थर काढण्याचा उपचार आधी करून पाहावा. व्हिनिअर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला पातळ थर) किंवा कॅपचा (पूर्ण दात झाकणाऱ्या टोपीचा) विचार त्यानंतर करावा, कारण घासून काढलेले आवरण पुन्हा येत नाही. ब्लीचिंगने जुन्या कॅपचा किंवा फिलिंगचा रंग बदलत नाही, तसेच त्यानंतर कंपोझिट (दाताच्या रंगाचे फिलिंग) बसवण्यापूर्वी साधारण दोन आठवडे थांबावे लागते. दातांची छटा खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात आणि दात ओले असताना निवडावी, कारण कोरडे पडलेले दात असतात त्याहून पांढरे दिसतात.

वाकडे दात तारांनी सरळ व्हायला बहुधा दीड-दोन वर्षे लागतात. महिनाभरात सरळ करून देतो असे कोणी म्हटले, तर निरोगी दात घासून त्यावर कॅप बसवणार का, हे स्पष्ट विचारावे. लग्नाच्या तारखेसाठी निरोगी दात घासू नयेत, असे माझे ठाम मत आहे.

इतरांना न दिसणाऱ्या दोषापायी कोणी रोज तासन्‌तास आरशासमोर घालवत असेल किंवा एकामागून एक डॉक्टर बदलूनही समाधान होत नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. अशा अवस्थेत दात बदलले तरी मनाची तगमग सहसा शमत नाही. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. दातांविषयी मनातले सांगताना नातेवाइकांनी दहा मिनिटे बाहेर थांबावे, अशी विनंती करण्याचा प्रत्येक सज्ञान रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.