मृत्युपत्र, ट्रस्ट आणि भागीदारीचे दावे : या वकिलीत पाय कसा रोवायचा

सनद मिळून सहा महिने झालेली एक मुलगी गेल्या महिन्यात माझ्या ऑफिसात आली. म्हणाली, "मॅडम, मला क्रिमिनल नको, मोटार अपघातही नको. मृत्युपत्रं, ट्रस्ट, घरच्या मिळकतींचे वाद, धंद्यातले वाद एवढंच करायचंय. सुरुवात कुठून करू?" मी म्हटलं, "नकला विभागातून." म्हणजे कोर्टातल्या कागदांच्या प्रती मिळतात तिथून. तिला वाटलं मी टाळतेय. म्हणून हे सविस्तर लिहिते. ठाण्याच्या कोर्टात मला एकतीस वर्षं झाली, आणि हे काम मला ज्या क्रमाने कळलं त्यापेक्षा बऱ्या क्रमाने ते तुम्हाला कळावं असं मनापासून वाटतं.

आधी एक गैरसमज. आमच्या नौपाड्यात वडीलधारी माणसं अजून विचारतात, "बॅरिस्टर व्हायला विलायतेला जावं लागतं का हो?" गांधीजी इनर टेंपलचे बॅरिस्टर, बाबासाहेब ग्रेज इनचे, त्यामुळे तो शब्द आपल्या मनात घट्ट बसलाय. इंग्लंडमध्ये ती वाट आजही आहे. लंडनमधल्या वकिलांच्या चार जुन्या संस्थांपैकी, म्हणजे इन्सपैकी, एकीचं सदस्यत्व, बारचा अभ्यासक्रम, मग बारा महिन्यांची उमेदवारी, तिला पुपिलेज म्हणतात. पहिले सहा महिने फक्त पाहायचं, पुढच्या सहांत स्वतः उभं राहायचं. मग एखाद्या चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कचेरीत, जागा मिळाली तर स्वतंत्र वकिली. ट्रस्ट आणि वारसाहक्काच्या भांडणांत मुरलेले बॅरिस्टर तिथे बहुतेक हायकोर्टाच्या चॅन्सरी डिव्हिजनपुढे दिसतात, आणि त्यांना काम आणून देतात सॉलिसिटर, म्हणजे अशिलाशी थेट व्यवहार करणारे वकील. आपल्याकडे १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने वकिलांचा एकच वर्ग केला. ठाण्यात हे काम करायला लंडनची पायरी चढावी लागत नाही. पण त्यांची एक सवय जरूर उचला. युक्तिवादाआधी ते न्यायाधीशांना मोजक्या पानांचं टिपण देतात: मुद्दा काय, कोणत्या पानावर, आधार कोणता. ते लिहिता येण्यासाठी फाइल पाठ असावी लागते.

आता नकला विभाग. सिनिअर तुम्हाला तिथे रांगेत उभं करतील तेव्हा कमीपणा मानू नका. नक्कल हातात आली की बॅगेत टाकून पळू नका, ती वाचा. रोजनामा, म्हणजे दाव्यात प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, पहिल्या तारखेपासून वाचा. तारखा कुणी घेतल्या, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) कधी आली, कोणत्या कागदाला निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पडली आणि कोणता नुसताच यादीसोबत राहिला, हे रोजनाम्यातूनच कळतं. सिनिअरच्या कपाटात निकाल लागलेल्या फायली असतील. रोज संध्याकाळी एक घ्या आणि निकाल शेवटी वाचा. आधी वादपत्र, कैफियत, उलटतपासणी वाचून आपण न्यायाधीश असतो तर काय केलं असतं ते कागदावर लिहा, मग निकाल उघडा. मी पहिली दोन वर्षं हेच केलं. त्या वर्षांत कमाई जवळजवळ नव्हती, घरून डबा आणि रेल्वेचा पास चालत होता, हेही सांगते. निदान तीन वर्षं तग धरण्याची तजवीज करूनच या कामात या.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, तारीखवार यादी. कोणतंही घरचं भांडण आलं की मी फुलस्केप कागदावर तीन रकाने आखते: तारीख, घडलं काय, कशावरून. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती गोष्ट अजून घडलेलीच नाही असं समजायचं.

एक उदाहरण जवळून दाखवते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका गावातलं कुटुंब, दोन भाऊ आणि तीन बहिणी. १९७० साली नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ सिडको आलं, जमिनी गेल्या. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, आणि पुढे साडेबारा टक्के योजनेत, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या तेवढ्या प्रमाणात, प्रकल्पग्रस्तांना भूखंड मिळू लागले. या कुटुंबाचा भूखंड भावांच्या नावावर झाला, कारण बहिणींनी हक्क सोडल्याचं नोटरीसमोरचं प्रतिज्ञापत्र फाइलला होतं. मधली बहीण म्हणत होती, "मी अंगठा दिलाच नाही." सगळ्याच म्हणतात, म्हणून मी लगेच विश्वास ठेवला नाही. त्यांना म्हटलं, ताई, घरात जेवढे कागद आहेत तेवढे आणा, तुम्हाला फालतू वाटतात तेही. त्या दुधाच्या पिशवीत बांधून घेऊन आल्या: रेशनकार्ड, विजेची जुनी बिलं, मुलाचा शाळेचा दाखला आणि प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड. यादी लिहिता लिहिता पेन थांबलं. प्रतिज्ञापत्रावरची तारीख आणि त्यांच्या धाकट्या मुलीच्या जन्माची तारीख एकच होती. सकाळी सातला प्रसूती, आणि त्याच दिवशी त्या वीस किलोमीटर दूर नोटरीसमोर हजर!

मी ते कार्ड त्यांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं खरं आहे ना?" त्या बाईला हिस्सा हवा होताच, पण त्याआधी आपण खोटं बोलत नाही हे कुणीतरी म्हणायला हवं होतं. भावाची उलटतपासणी सुरू व्हायच्या आतच तडजोड झाली आणि तिन्ही बहिणींची नावं लागली. कायद्याचा मोठा मुद्दा तिथे वापरावाच लागला नाही.

तो मुद्दाही माहीत हवाच. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच वाट्याचा, हक्क दिला होता, पण तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद गेला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा हक्क जन्मानेच आहे, २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या वाटण्यांना मात्र संरक्षण आहे. म्हणून जुन्या वाटणीपत्राची तारीख यादीत वर असते. आपल्याकडचा वारस दाखला अजून १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो आणि ठेवी-शेअर्ससाठी लागणारं सक्सेशन सर्टिफिकेट १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली. दोन्हींची गल्लत करणारे जाणते वकीलही मी पाहिलेत.

नामनिर्देशनाबद्दल तर आठवड्यातून एकदा तरी बोलावं लागतं. "सोसायटीत नॉमिनी मीच आहे, म्हणजे फ्लॅट माझा." तसं नसतं. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांसाठी सांभाळणारा. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी खटल्यात हेच सांगितलं. पुनर्विकासात जुन्या इमारतीतला फ्लॅट एकदम दीड-दोन कोटींचा होतो आणि इतकी वर्षं गप्प असलेला भाऊ बोलू लागतो, तेव्हा हे वाक्य समजावून सांगण्यात तुमचा अर्धा दिवस जाईल. जाऊ द्या. शांतपणे सांगा.

आता मृत्युपत्र. इथे माझ्या हातून झालेली चूक सांगते. वकिलीच्या पाचव्या वर्षी चेंदणीतल्या एका आजोबांचं मृत्युपत्र मी केलं. भाषा चोख, मिळकतीचं वर्णन चोख. दोन साक्षीदार लागतात म्हणून आजोबांनी आपले दोन मित्र आणले. तिघंही पंच्याहत्तरीच्या पुढचे. मला ते दृश्य फार गोड वाटलं होतं. चौदा वर्षांनी आजोबा गेले आणि मुलांत वाद लागला, तोवर दोन्ही मित्र त्यांच्या आधीच गेलेले. साक्षांकित दस्त सिद्ध करायला निदान एक साक्षीदार हयात आणि हजर होण्याजोगा असेल तर त्याला तपासावं लागतं. आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. साक्षीदार उरलेच नसतील तर हस्ताक्षर ओळखणाऱ्यांवर भिस्त. एका मित्राची मुलगी वडिलांची सही ओळखायला पिंजऱ्यात उभी राहिली, सही पाहिली आणि रडू लागली. मृत्युपत्र शेवटी टिकलं, पण त्या कुटुंबाची सहा वर्षं गेली. ती मी वाचवू शकले असते.

तेव्हापासूनची माझी पद्धत अशी. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा निदान पंधरा वर्षांनी लहान. ज्याला काही मिळणार आहे तो किंवा त्याची बायको साक्षीदार नाही. सही होताना खोलीत वारसांपैकी कुणी नाही, चहा घेऊन येणारी सूनही नाही. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला. आणि एखाद्या मुलाला कमी दिलं असेल तर का, ते त्या माणसाच्याच शब्दांत दोन ओळी. "थोरल्याच्या शिक्षणाला पनवेलची जमीन विकली, म्हणून घर धाकट्याला" अशा ओळीपुढे प्रतिपक्षाचा वकील बराच अडतो. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मी तरी नोंदणी करायला सांगते. मात्र नोंदवलं म्हणजे सिद्ध झालं असं नव्हे, हे अशिलाला त्याच बैठकीत सांगा.

या विषयावर एकच निकाल मुळातून वाचायचा असेल तर १९५८ चा एच. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध बी. एन. थिम्मजम्मा वाचा. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिलाय. मृत्युपत्राभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर; आणि ज्याने मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला त्यालाच मोठा लाभ होत असेल तर तोच एक संशय. इतकी वर्षं झाली, अजून प्रत्येक युक्तिवादात तो येतो.

ट्रस्टच्या कामाला लोक कंटाळवाणं म्हणतात. मला नाही वाटत तसं. फक्त पहिल्याच प्रश्नाला सार्वजनिक की खासगी ते ठरवा. कुटुंबासाठीचा खासगी ट्रस्ट १८८२ च्या कायद्याखाली येतो, आणि त्यात जमीन-घर असेल तर लेखी, नोंदलेला दस्त किंवा मृत्युपत्र हवं. मंदिर, शाळा, ज्ञातीची संस्था असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०, आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. तिथे पहिलं काम शेड्यूल एकचा उतारा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदवहीतली नोंद, काढणं. संस्थेचे लोक म्हणतात अध्यक्ष अमुक, आणि उताऱ्यावर वीस वर्षांपूर्वी वारलेल्या विश्वस्तांची नावं असतात, कारण बदल अर्ज कुणी दिलेलाच नसतो. बदलाची खबर कलम २२ खाली नव्वद दिवसांत द्यायची असते. कलम ३६ डोक्यात ठेवा: धर्मादाय आयुक्तांच्या आधीच्या मंजुरीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता येत नाही. घोडबंदर रस्त्यालगत जमिनीचे भाव चढले तशी या कलमाखालची कामं वाढली. विश्वस्त भले असतात बहुतेक, पण घाईत सह्या करतात. त्यांना थांबवणं हेही तुमचंच काम आहे.

व्यापारी दाव्यांबद्दल थोडक्यात, कारण तिथे चूक झाली तर सुधारायला वेळच मिळत नाही. वागळे इस्टेटमधला कारखाना, वाशीच्या मार्केटमधली पेढी, भागीदारांचं फाटलं की माणूस रागाने तुमच्याकडे येतो आणि "उद्याच दावा लावा" म्हणतो. आधी विचारा, भागीदारी संस्था नोंदलेली आहे का? नसेल तर भागीदारी कायद्याचं कलम ६९ दाव्याच्या आडवं येतं. मग रक्कम: २०१८ पासून तीन लाख आणि त्यावरचा व्यापारी वाद कमर्शिअल कोर्टात जातो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर कमर्शिअल कोर्ट्स कायद्याच्या कलम १२-अ ची दावापूर्व मध्यस्थी सक्तीची आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसं ठरवलंय, ती टाळली तर वादपत्र फेटाळलं जातं. प्रतिवादीकडून असाल तर समन्स मिळाल्याची तारीख फाइलच्या वर लाल शाईने लिहा. कैफियतीला तीस दिवस, कोर्टाने वाढवली तर एकशेवीस, आणि एकशेएकविसाव्या दिवशी कैफियत दाखल करण्याचा हक्कच संपतो. साध्या दिवाणी दाव्यात चालणारी "पुढची तारीख द्या" ही सवय इथे अशिलाला बुडवते.

जाहिरात करायची नाही, बार कौन्सिलच्या नियमांत ती बसत नाही. काम येतं ते आधीच्या अशिलाकडून, सीएकडून, सोसायटीच्या सेक्रेटरीकडून. आणि पुष्कळदा हरलेल्या पक्षाकडूनही, तुम्ही त्यांच्याशी बोलताना आवाज चढवला नव्हता म्हणून. त्या बहिणींच्या दाव्यातल्या थोरल्या भावाने पुढे आपलं मृत्युपत्र माझ्याकडूनच करून घेतलं. पण ते मी त्यांचा वाद पूर्ण मिटल्यावर, बहिणींना विचारून घेतलं.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. मूळ कागद हातात घेतला की त्याच क्षणी पोच द्या, कागदाचं वर्णन आणि पानांची संख्या लिहून. परत देताना सही घ्या. मृत्युपत्रांसाठी मी एक वेगळी वही ठेवलीये. त्यात प्रत्येक मृत्युपत्रापुढे दोन्ही साक्षीदारांचा फोन, गावचा पत्ता आणि घरातल्या आणखी एकाचं नाव आहे. दिवाळीच्या आठवड्यात मी ती वही काढते आणि एकेकाला फोन लावते. यंदा गेल्या महिन्यात आलेल्या त्या मुलीला सोबत घेऊन बसणार आहे.